खेड्यात दुखापती किती होतात, हे तुम्ही कुठे उभे राहून मोजता त्यावर आहे

तुम्ही विचारलंय की गावात राहणाऱ्या, शेतात आणि जनावरांत काम करणाऱ्या माणसांना दुखापती कितपत होतात, आणि शहरापेक्षा त्या जास्त असतात का. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: भरपूर होतात. कापणं, टोचणं, सोलवटणं, पाय मुरगळणं हे कामाच्या दिवसांत चालूच असतं. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र मोजण्याच्या पद्धतीवर इतकं अवलंबून आहे की आधी त्याबद्दलच बोलावं लागेल.

दवाखान्याच्या वहीवरून गावातल्या दुखापतींचा अंदाज येत नाही. विळ्याने बोट चिरलं तर माणूस फडकं गुंडाळतो आणि हातातली ओळ पूर्ण करतो. वहीत येतात ती मोडलेली हाडं, सर्पदंश, मोठं भाजणं. जो जागेवरच किंवा वाटेत दगावला, त्याचीही नोंद बहुधा तिथे होत नाही. म्हणजे सगळ्यात किरकोळ आणि सगळ्यात गंभीर अशा दोन्ही टोकांच्या दुखापती गळतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना शेतीला खाणकाम आणि बांधकामाच्या बरोबरीने सर्वांत धोकादायक तीन क्षेत्रांत धरते, आणि शेतीतल्या अपघातांची नोंद फार कमी होते हेही सांगते.

गावातच माणसं नेमून मोजलं की काय दिसतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण नेपाळमधल्या भक्तपूरचं आहे. तिथे 34,902 लोकवस्तीत दोन वर्षं फक्त डोळ्याच्या दुखापती नोंदवल्या. नोंदी झाल्या 1,248, म्हणजे वर्षाला लाखामागे सुमारे 1,788. त्यातल्या 551 वेळा बुबुळावर ओरखडा होता. या अभ्यासाचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. एका अवयवाची ही गत असेल तर हात, पाय, पाठ धरून बेरीज कुठे जाईल याचा विचार करा.

स्वतः मोजायचं असेल तर आधी दुखापत म्हणजे काय ते ठरवा. ‘निदान अर्धा दिवस काम बुडालं किंवा कोणताही उपचार घेतला, घरचासुद्धा’ ही व्याख्या चालते. ती न ठरवता विचारलंत तर एक घर काटा रुतलेला सांगेल आणि दुसरं मोडलेलं मनगटही सांगणार नाही, कारण ‘ते आता बरं झालं’. किरकोळ दुखापतींसाठी मागच्या एक महिन्याचंच विचारा. तीन महिन्यांपलीकडचं माणसं विसरतात. हाड मोडणं, दवाखान्यात भरती होणं, मृत्यू यांसाठी बारा महिने चालतात. इथे उलटी चूक होते: दीड वर्षापूर्वीचा मोठा अपघातही माणूस ‘याच वर्षी’ म्हणून सांगतो. म्हणून तारीख विचारू नका. पेरणीआधी की नंतर, अमुक सणाच्या आधी की नंतर, असं विचारा. शिवाय घरातल्या एकाच कर्त्या माणसाला विचारून भागत नाही. बायकांचं चुलीवर भाजणं आणि मुलांचं पडणं त्याच्या लक्षातच नसतं.

हिशेब असा: समजा 200 घरांत 1,000 माणसं आहेत आणि एका महिन्यात 8 दुखापती सापडल्या. बाराने गुणून वर्षाला हजारी 96 म्हणालात आणि तो महिना कापणीचा निघाला, तर आकडा फुगलेला असेल. निदान तीन वेगळ्या हंगामांत एकेक महिना घ्या.

आता नेमकं होतं काय? विळ्याची जखम उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हाताला असते, कारण पिकाची मूठ धरणारा हात तोच. कुऱ्हाडीची जखम नडगीवर किंवा पावलावर. कुट्टी मशीन आणि मळणी यंत्रात बोटं जातात ती बहुधा माल आत ढकलताना. अडकलेला माल चालू यंत्रातून हाताने ओढणं हे त्यातलं सर्वांत वाईट. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागे जोडलेलं यंत्र फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. सात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट धरला तर सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. ओढणी, पदर, सैल बाही अडकल्याचं कळून हात मागे घेईपर्यंत खेळ संपलेला असतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं की परत कोणी बसवत नाही, आणि अपघात तिथेच होतो.

ट्रॅक्टर उलटतो तो बांधावर, उतारावर किंवा ओझं मागच्या आसाच्या वर बांधून ओढताना. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्यालाच) अडकवा. चालकाभोवती सुरक्षा चौकट असेल तर सीटचा पट्टा बांधा, चौकट नसेल तर बांधू नका. तेव्हा पट्टा तुम्हाला ट्रॅक्टरखालीच धरून ठेवतो.

पडण्याकडे मात्र कोणी दुखापत म्हणून बघत नाही. झाडावरून, शिडीवरून, माळ्यावरून, छपरावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडून मरतात, म्हणजे अपघाती मृत्यूंत रस्त्यानंतर पडण्याचाच क्रमांक. उंचावरून पडलेल्याला दोघांनी हातापायांना धरून उचलणं ही नेहमीची चूक. मणका मोडला असेल तर मज्जारज्जू तिथेच जातो. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर, निदान चार जणांनी एकदम उचलायचं.

जनावरांच्या दुखापतीत शिंगापेक्षा भिंत आणि जनावर यांच्यामध्ये चेपलं जाणं जास्त फसवं. कातडीवर काही दिसत नाही आणि आत बरगडी मोडलेली असते किंवा प्लीहा फाटलेली असते. पोट कडक लागणं, रंग पांढरा पडणं, नाडी वेगाने चालणं ही लक्षणं काही तासांनीही येतात.

जुनी विहीर, शेणाचा खड्डा, बंद कोठार यांतला वायू हा संख्येने छोटा, पण एका वेळी दोन-तीन जीव घेणारा प्रकार. पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेले मरतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. कंदील सोडून बघण्याने ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं, विष कळत नाही. शेणखड्ड्यात मिथेन असेल तर ज्योतीने भडकाही उडेल.

साध्या जखमेचं अपंगत्व दोन गोष्टींनी होतं: माती आणि वेळ. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. टोचलेली खोल जखम वरून मिटते आणि आत त्यांना हवा तसा प्राणवायूविना कोपरा मिळतो. लक्षणं साधारण 3 ते 21 दिवसांनी येतात, तोवर जखम विसरलेली असते. मूळ लसीकरण पूर्ण असलं तरी मळकी जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर डोस घ्यायचा. पूर्वीचे डोस माहीतच नसतील तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुणं, आणि त्याच दिवशी लस. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही नाही. अंगठी-बांगडी काढायची, अवयव फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि गाडीत घालायचं. सर्पदंशाने जगात दरवर्षी 81,000 ते 1,38,000 माणसं जातात, आणि अंदाजे त्याच्या तिप्पट कायमची अपंग होतात.

वेळेचं मोल पुन्हा भक्तपूरच्याच आकड्यांत दिसतं. ओरखडा असलेल्यांना 1 टक्का क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिलं. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकाच्याही बुबुळावरची जखम चिघळली नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्या 49 पैकी 14 जणांना जंतुसंसर्ग झाला. भाताचं पातं किंवा कापून टाकलेल्या काडीचा तुकडा डोळ्याला लागला तर घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका. बुरशी असेल तर ती त्यांनी फोफावते.

शहराशी तुलना करायची तर एवढंच ठामपणे म्हणेन: अनेक देशांत दुखापतीने मरण्याचं प्रमाण ग्रामीण भागात जास्त आढळतं, आणि उपचारापर्यंतचं अंतर हे त्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून तुम्ही गावात पाहणी केलीच, तर ‘काय लागलं’ याच्या शेजारी आणखी दोन रकाने ठेवा: पहिला उपचार किती तासांनी मिळाला, आणि तो कोणी केला. हे रकाने भरले की गावात आधी वाहनाची सोय करायची, की प्रथमोपचार शिकलेली दोन माणसं तयार करायची, ते ठरवता येतं.