दिवसा उबंटू आणि संध्याकाळी विंडोज आपोआप सुरू व्हावे, यासाठी काय करावे?

यासाठी ग्रबमधील, म्हणजे संगणक चालू होताना कोणती प्रणाली सुरू करायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममधील, ‘डेटहूक’ हे मॉड्यूल (जोडभाग) वापरावे. ते लोड केल्यावर तास, मिनिट व वार यांची मूल्ये ग्रबला चलांच्या रूपात मिळतात. म्हणून ग्रबच्या ‘फॉर्टी-कस्टम’ (40_custom) या सेटिंगच्या फाइलमध्ये, तास १८ किंवा अधिक असल्यास विंडोज आणि एरवी उबंटू, अशी अट लिहून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवली की काम होते. अटीत प्रणालीची नोंद क्रमांकाने न देता मेनूतील नेमक्या शीर्षकाने द्यावी, कारण मेनूत भर पडली की क्रमांक सरकतात.

खरी अडचण घड्याळाची आहे. ग्रब मदरबोर्डवरील घड्याळ जसेच्या तसे वाचतो. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते, तर उबंटू सहसा यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. दोन्ही प्रणालींना एकच पद्धत ठरवून दिल्याशिवाय ही अट भरवशाची ठरणार नाही, आणि यूटीसी निवडल्यास संध्याकाळच्या सहासाठी अटीत साडेबारा धरावे लागतील.

क्रॉनद्वारे, म्हणजे उबंटूमधील वेळापत्रकानुसार कामे चालवणाऱ्या सोयीद्वारे, ठरावीक वेळी ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ ही आपोआप सुरू होणारी प्रणाली बदलणारी आज्ञा चालवण्याचा पर्याय मी सुचवणार नाही, कारण त्या क्षणी उबंटू चालू नसेल तर बदल होतच नाही.