अमेरिकेत डॉक्टरच्या चुकीच्या केसमध्ये ज्युरीने जाहीर केलेली नुकसानभरपाई पेशंटला पूर्ण मिळते का?

नाही, पूर्ण क्वचितच हातात पडते. वकील बहुतेक वेळा 'जिंकलो तरच फी' या बोलीवर केस घेतात, त्यात साधारण एक तृतीयांश जातात, मग एक्स्पर्ट डॉक्टरच्या साक्षीचा खर्च, आणि ज्या इन्शुरन्स कंपनीने उपचाराचं बिल भरलेलं असतं तीही बरेचदा आपला वाटा मागायला उभी. त्याच्याही आधी जज कात्री लावू शकतो. १९९४ ची मॅकडोनाल्ड्सची गरम कॉफीची केस घ्या, ज्युरीने भाजलेल्या बाईंची २० टक्के चूक धरून भरपाई २ लाख डॉलरवरून १ लाख ६० हजारांवर आणली, वरचा २७ लाखांचा दंड जजने ४ लाख ८० हजार केला आणि शेवटी किती मिळाले ते गुप्त सेटलमेंटमध्येच राहिलं (गाजला मात्र ज्युरीचा मोठा आकडाच!). डॉक्टरच्या चुकीच्या केसमध्ये तर कॅलिफोर्नियात वेदना-मनस्तापाच्या भरपाईवर कायद्याचीच मर्यादा आहे, १९७५ पासून २०२२ संपेपर्यंत ती अडीच लाख डॉलरवरच अडकली होती, २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाढवतायत. फक्त ही मर्यादा उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराला लागू नाही, आणि दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात.