सार्वभौमत्व: कुठल्या राज्याचे?

निपाणीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ऊसदरावरच्या भाषणात ‘जागतिक व्यापार संघटनेमुळे राज्याचे सार्वभौमत्व गेले’ असे वाक्य त्यांनी ऐकले. हे राज्य कर्नाटक की भारत? आणि ‘सार्वभौमिकता’ म्हटले तर चालेल का?

दुसरे आधी, कारण ते सोपे. नको. सर्वभूमीचा धनी तो सार्वभौम. पाणिनीच्या सूत्रांत ही घडण दिलेली आहे. भाववाचक नाम सार्वभौमत्व किंवा सार्वभौमता. ‘सार्वभौमिक’ हे हिंदी वळण, तिथे त्याचा अर्थ बहुधा ‘सर्वांना लागू’. त्याला आपल्याकडे सार्वत्रिक आहे. ‘सार्वभौमत्वता’ही छापलेले दिसते, ते तर शेपटाला शेपूट. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘सार्वभौम’ आहे, कन्नडातही हाच शब्द. हिंदीत मात्र ‘संपूर्ण प्रभुत्व-संपन्न’.

खरी गोची ‘राज्य’ या शब्दाची. राज्यशास्त्रात लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व मिळून राज्य होते. बेळगावात १ नोव्हेंबरला राज्योत्सव होतो (आणि मराठी माणूस काळा दिन पाळतो) त्यातले राज्य म्हणजे घटकराज्य. त्याला सार्वभौमत्व नाहीच, तर जाणार काय? कोळशाच्या जमिनींवरून पश्चिम बंगालने केंद्रावर लावलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हेच सांगितले. सीमाप्रश्नातही याचा प्रत्यय येतो. संविधानाच्या कलम ३ खाली संसद साध्या बहुमताने दोन राज्यांमधली हद्द बदलू शकते. विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. देशाचा भूभाग परक्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, जशी बांगलादेशाबरोबरच्या भूभागांच्या अदलाबदलीसाठी २०१५ मध्ये १०० वी झाली. म्हणून कर्नाटक-महाराष्ट्राबद्दल लिहिताना ‘अधिकार’ किंवा ‘स्वायत्तता’ लिहावे आणि सार्वभौमत्वाआधी ‘देशाचे’ किंवा ‘राज्यसंस्थेचे’.

आता ऊस. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये व्यापार संघटनेच्या तंटा-मंडळाने निकाल दिला: उसाला भारत देत असलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो. त्यात केंद्राची एफआरपीही (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) मोजली आणि काही राज्यांचे जादा दरही, पण प्रतिवादी एकटा भारत. भारताने अपील केले. अपील ऐकायला संघटनेच्या अपील-मंडळाचे किमान तीन सदस्य लागतात आणि डिसेंबर २०१९ पासून तेवढे उरलेलेच नाहीत, त्यामुळे निकाल लटकला.

तेव्हा वक्त्याला भारतच अभिप्रेत असणार. तरी ‘गेले’ हे क्रियापद जड आहे. व्यापार संघटनेचा करार भारताने स्वतः केला आणि लेखी सूचना दिल्यावर सहा महिन्यांनी त्यातून बाहेरही पडता येते. ‘मर्यादा पत्करली’ म्हणावे. भाषणात ‘गहाण टाकले’ खपते. गहाण निदान सोडवता तरी येते.