रोख पगार आणि पेन्शन

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो, पण यात आकडेमोड आहे आणि आकडे कानावर पडून डोक्यात राहत नाहीत. म्हणून लिहितो.

दिव्यांग म्हणून तुला गोवा सरकारची पेन्शन मिळते, आणि आता हॉटेलात नोकरी चालून आलीय. हॉटेलमालक तुला म्हणाला, "पगार १४ हजार, रोख देतो. कागदावर नाव घालत नाही, म्हणजे तुझी पेन्शनही चालू राहील." तुला तो भला माणूस वाटला. असेलही. पण ही सवलत तो तुला देतोय की स्वतः घेतोय, ते आधी बघू.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्यविमा लागतो, वीस झाली की पीएफ. तिथे तीसेक जण आहेत असं तूच लिहिलंयस. सगळा पगार मूळ वेतन धरला, तर मालकाने पदरचे १२ टक्के पीएफ म्हणजे १,६८० आणि सव्वातीन टक्के ईएसआय म्हणजे ४५५ भरायला हवेत. एकूण २,१३५ रुपये. तुझी पेन्शन आहे २,००० ची. म्हणजे सरकारचे दोन हजार टिकावेत म्हणून तू मालकाला दरमहा २,१३५ माफ करायला निघालीस. उद्या बिंग फुटलं तर पेन्शनची वसुली मात्र तुझ्याकडून.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणशील काकांनी आपल्याला हवा तसा हिशेब मांडला. नाव कागदावर आलं की तुझ्याही पगारातून १,६८० आणि १०५ कापले जाणार. हातात १२,२१५. रोखीत घेतलेस तर पेन्शन धरून १६ हजार. फरक ३,७८५ चा. बाबांच्या टेम्पोचा हप्ता डोक्यावर असताना ही रक्कम लहान नाही, कबूल. पण त्यातले १,६८० तुझ्याच पीएफ खात्यात पडून व्याज खातात. मालकाच्या हिश्शातला काही भाग तिथेच येतो, मोठा भाग निवृत्तिवेतनाच्या योजनेत जातो. आणि ईएसआय. तुझ्या पायाची आणखी एक शस्त्रक्रिया बाकी आहे, असं डॉक्टर म्हणालेत ना? ईएसआयची वर्गणी ठरलेले दिवस भरली गेली असेल, तर उपचार मिळतातच, शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पगाराची मर्यादा इतरांना २१ हजार, दिव्यांगांना २५ हजार. म्हणजे दोन-तीनदा पगार वाढला तरी तू बाहेर फेकली जात नाहीस. रोखीच्या नोकरीत दीड महिना अंथरुणावर पडलीस, तर परत जाशील तेव्हा तुझ्या खुर्चीत दुसरी कोणी बसलेली असेल.

पेन्शनचा नियम नीट समजून घे. ती ज्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळते, तिच्यात तुझं वार्षिक उत्पन्न योजनेच्या वर्षभराच्या रकमेपेक्षा कमी हवं. तुझ्या बाबतीत २४ हजार. तुझी मैत्रीण घरी ब्लाउज शिवून महिन्याला हजार-बाराशे कमावते, तिने घाबरायचं कारण नाही. तुझा पगार दुसऱ्याच महिन्यात ही रेघ ओलांडतो. माझं मत विचारशील तर ही अट आंधळी आहे. कमाई वाढेल तशी पेन्शन थोडी थोडी कमी करत न्यावी, तर माणूस कामाला धजेल. इथे एक पाऊल पुढे टाकलं की अख्खी रक्कम जाते. बँकेच्या साखळी गावातल्या शाखेत काउंटरवर बसायचो तेव्हा हे रोज दिसायचं. हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक पुढे सरकवत बायका विचारायच्या, "जमा जालें?" त्यांच्यात काम करू शकणाऱ्या कितीतरी जणी असत, पेन्शन जाईल म्हणून कामाला जात नसत, गेल्याच तर चोरून. अट चुकीची म्हणून ओरडायला मी पहिला. पण ती आहे तोवर खोटं लिहून सही करायची नाही.

तुझी खरी धास्ती मला वेगळीच दिसते. पेन्शन बंद झाली म्हणजे आपण सरकारदरबारी "दिव्यांग" राहत नाही, असं तू धरून चाललीयस. तसं नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, तुझं. ते तुझ्या पायावरून मिळालंय, पगार बघून नाही. २०१६ च्या कायद्यातलं सरकारी नोकरीचं ४ टक्के आरक्षणही जात नाही. हॉटेलात नोकरी करत करत परीक्षा देत राहा.

आईची गृह आधार वेगळी. ती गृहिणींसाठीची गोवा सरकारची २०१२ ची योजना, आता महिना १,५००. तिथे पती-पत्नीचं मिळून उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत हवं. तुझा पगार त्यात धरत नाहीत. आई चतुर्थीच्या बाजारात माटोळीचं सामान (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं) विकते, तेही मोजलं तरी बाबांच्या कमाईसकट तुम्ही त्या रेघेच्या बरेच अलीकडे आहात. शेजारीण म्हणते की मुलगी नोकरीला लागली की आईचं बंद. ती दोन योजनांची खिचडी करते.

मालकाकडे जाशील तेव्हा भांडू नको, गयावयाही करू नको. "नेमणूकपत्र द्या आणि पीएफ, ईएसआयला नाव घाला," एवढंच म्हण. त्याने पगार १३ हजारांवर आणला, तरी मी घे म्हणेन. नावच घालत नाही म्हणाला, तर तिथे थांबू नको. डिचोलीत काजूच्या कारखान्यांतही हिशेबाची माणसं लागतात.

नेमणूकपत्र हातात आलं की पणजीला समाज कल्याण खात्यात अर्ज दे: अमुक तारखेपासून नोकरी लागली, पेन्शन थांबवावी. दोन प्रती ने. एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेव. मधल्या काळात एखादा हप्ता खात्यात आलाच, तर त्याला हात लावू नको, मागितला की परत करता येईल. मंजुरीचा जुना आदेश फाडू नको. नोकरी सुटली तर पुन्हा अर्ज करता येतो, पण मंजुरी येईपर्यंत महिने जातात. म्हणून पहिल्या पगारापासून थोडं बाजूला टाकत तीन महिन्यांचा घरखर्च साठव. टेम्पोचा हप्ता त्यानंतर. बाबांना हे पटणार नाही. त्यांच्याशी मी बोलतो.

पीएफच्या फॉर्मवर वारस म्हणून आईचं नाव घाल. आणि यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, आला की लगेच स्वतःच्याच मोबाईलला जोड, मालकाच्या कारकुनाच्या नको.

तुझा,
काका