पेनड्राइव्ह काढू का नको?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जुन्या लॅपटॉपवर विंडोजसारखीच असलेली लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम टाकलीय, रॅम 8 जीबी. पायथन बऱ्यापैकी येतं. रोजच्या वापरात उपयोगी पडेल असं एखादं छोटं टूल बनवायचंय पण जे सुचतं ते आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. आयडिया द्याल का? आणि अजून एक, घरून पेनड्राइव्हवर घेतलेल्या फाइली झेरॉक्सच्या दुकानात कधीकधी उघडतच नाहीत, पेनड्राइव्ह बदलला तरी तेच.
– एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, आयडिया मागतोयस आणि शेवटच्या ओळीत तूच ती देऊन बसलायस! पेनड्राइव्ह बिचारा चांगलाच असणार. होतं काय, की कॉपी करताना लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतो आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर लिहीत बसतो, त्यामुळे फाइल मॅनेजरची पट्टी भर्रकन 100 टक्क्यांवर जाते, आपण खूश, पेनड्राइव्ह उपटला आणि निघालो, फाइल मात्र अर्धवटच लिहिलेली. असा न लिहिलेला डेटा सहसा मोकळ्या रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत साठू शकतो, म्हणजे तुझ्याकडे एक जीबी सहज. इजेक्ट केलं तर तो सगळं लिहून होईपर्यंत थांबतो, पण इजेक्ट कोण करतं? मीही नाही करायचे.

तर पॅनेलवर एक छोटा आयकॉन कर, ‘अजून 340 एमबी बाकी’ आणि मग ‘आता काढ’, बस. मेमरीचा हिशेब ठेवणारी प्रॉकमधली मेमइन्फो फाइल (/proc/meminfo) दर सेकंदाला वाच, तिच्यात ‘डर्टी’ (लिहायचा बाकी) आणि ‘राइटबॅक’ (लिहिला जात असलेला) अशा दोन ओळी असतात, बेरीज कमी होत गेली पाहिजे. गोची एवढीच की हा आकडा अख्ख्या मशीनचा असतो, ब्राउझर काहीतरी खरडतच असतो त्यामुळे तो शून्यावर येईलच असं नाही. म्हणून आकडा फक्त दाखवायला ठेव, निकाल ‘सिंक’ (sync) या कमांडकडून घे, ती बाकी डेटा लिहून टाकते. तिला वजा एफ (-f) लावून पेनड्राइव्ह ज्या फोल्डरात उघडतो त्याचा पत्ता दिलास की ती तेवढ्याच ड्राइव्हचं लिहून होईपर्यंत थांबते. पहिल्या व्हर्जनला तर आयकॉनही नको, मिंटच्या नेमो या फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिकवर आपली अ‍ॅक्शन टाकता येते, तिथून सिंक चालव आणि झेनिटी या छोट्या खिडक्या दाखवणाऱ्या टूलने एक खिडकी दाखव.

दुसरी आयडिया जरा किचकट आहे पण मला जास्त आवडते. शिवाजी, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर आहेत, पण राइट क्लिक केलं आणि युनिकोड (आता सगळीकडे चालतं ते अक्षरांचं एकच कोडिंग) झालं असं सोपं काही मला सापडलं नाही. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही हं. ‘किती’मधली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात क च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर, आणि ‘सर्व’मधला रफार बरोब्बर उलटा. शिवाय प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, म्हणून एकच फॉन्ट धर.

बॅटरी 80 टक्के झाली की सांगणारं टूल वगैरे एका संध्याकाळचं काम आहे, ते सरावाला कर.

आणि तोवर दुकानात जायच्या आधी टर्मिनलात ‘sync’ टाइप करून एंटर मार, प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करायची ओळ) परत आला की मगच पेनड्राइव्ह उपट.