लेखावरचे तिसरे नाव

पांढरकवडा, जि. यवतमाळ

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरच्या संशोधन-लेखावर चार नावे जाणार असून त्यांत तुझे तिसरे आहे, हे तुला मसुदा हाती आल्यावरच कळले, असे तू लिहितोस. दोन हंगाम हिरवी बोंडे फोडून अळ्या तू मोजल्यास, कामगंध सापळ्यांतले पतंग रोज सकाळी वहीत तू टिपलेस. तेव्हा मनाला लागणे साहजिक आहे. मात्र सरांशी बोलण्यापूर्वी नावांची ही रांग कशी वाचली जाते, ते समजून घे.

सगळ्या विषयांत ती एकाच रीतीने लागत नाही. गणितात आणि बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात नावे आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने येतात, त्यामुळे तेथे पहिल्या नावाला वेगळा मान नसतो. (तुझे आडनाव मराठी वर्णमालेत मध्यावर येते आणि इंग्रजीत अगदी शेवटी, तू गणितात गेला नाहीस ते बरेच झाले.) आपल्या शेतीच्या आणि जीवशास्त्राच्या विषयांत मात्र पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे, असा संकेत आहे. संदर्भ देताना पहिले नाव लिहून पुढे ‘आणि इतर’ म्हणतात. तिसरा त्या ‘इतर’मध्ये जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने तर याचे गुणही ठरवले: दोघांहून अधिक लेखक असल्यास पहिल्या, मुख्य किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला लेखाच्या गुणांपैकी ७० टक्के आणि इतर सहलेखकांना प्रत्येकी ३० टक्के.

पहिले नाव मिळाले म्हणजे श्रेय मिळालेच, असेही नाही. १९४८ साली विश्वातील मूलद्रव्यांच्या उत्पत्तीवर राल्फ अल्फर यांचा लेख आला, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक जॉर्ज गॅमो यांनी अल्फा, बीटा, गॅमा असा शब्दखेळ जुळावा म्हणून त्या कामात नसलेल्या हान्स बेथे यांचे नाव मध्ये घातले. काम अल्फर यांच्या प्रबंधाचे, नावही पहिले. तरी लोकांच्या तोंडी राहिली ती दोन प्रसिद्ध नावे.

माझेही सांगतो. माझ्या पहिल्या लेखावर, ज्यांनी शेताचा बांधही पाहिला नव्हता अशा एका वरिष्ठांचे नाव आधी लागले आणि मी गप्प राहिलो. त्याहून वाईट म्हणजे, पुढे मार्गदर्शक झाल्यावर मीच एका विद्यार्थिनीचे नाव मागे सरकवले आणि ‘अशीच रीत आहे’ असे तिला सांगितले. ते वाक्य मला त्या वरिष्ठांनीच ऐकवलेले होते.

तेव्हा सरांकडे तक्रार नव्हे, वही घेऊन जा. अनेक नियतकालिके आता संकल्पना, पद्धती, नोंदी, विश्लेषण, पहिला मसुदा अशा १४ भूमिकांपैकी कोणी काय केले, हे लेखाखाली छापतात. त्याच धर्तीवर चौघांचे काम एका कागदावर मांड. मोजणी तुझी, हे मान्य. पण विश्लेषण कोणी केले आणि मसुदा कोणी लिहिला, हे तुझ्या पत्रात कोठेच नाही. जिचे नाव दुसरे आहे त्या मुलीने ते केले असेल, तर तिला मागे ढकलून पुढे जाण्याचा हट्ट मी तुला करू देणार नाही.

येत्या खरिपात मात्र पेरणीपूर्वीच क्रम लिहून ठरवा, आणि काम बदलले तर क्रमावर पुन्हा बोलू, एवढी एक ओळ त्यात असू द्या. सोमवारी सरांना भेटणार असशील, तर रविवारी दुपारी तो कागद घेऊन इकडे ये.

तुझा,
जुना मास्तर