स्पेक्ट्रमचा वारसदार करायचाय? आधी यूएलए समजून घे

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश घरगुती संगणकाची नवी आवृत्ती करायचा तुझा बेत आवडला. पण २८ मेगाहर्ट्झ, एचडीएमआय, वाय-फाय ही यादी तूर्त बाजूला ठेव. १९८२च्या त्या यंत्राचा स्वभाव झेड८० या प्रोसेसरपेक्षा फेरांटी कंपनीने बनवलेल्या, पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या यूएलए चिपमध्ये जास्त आहे. चित्र काढायला यूएलएला आणि कामाला प्रोसेसरला तीच १६ केची रॅम लागते. दोघांची गाठ पडली की यूएलए प्रोसेसरचं घड्याळ चक्क रोखून धरते. ४८ के मॉडेलमध्ये एक फ्रेम म्हणजे ६९,८८८ टी-स्टेट्स (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), पडद्याच्या दर ओळीला २२४. हा हिशेब थोडा जरी हुकला, तरी पडद्याच्या किनारीवर रंगांच्या करामती करणारे प्रोग्रॅम विस्कटतात. एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) पहिले काही महिने यातच जाऊ देत.

रंगांची सरमिसळ 'दुरुस्त' करू नकोस. ८ बाय ८च्या चौकोनात दोनच रंग, हे बंधन धरूनच तेव्हाची चित्रं काढलेली आहेत. स्पेक्ट्रम नेक्स्टने (स्पेक्ट्रमची आधुनिक आवृत्ती) जुना पडदा तसाच ठेवून २५६ रंगांचा थर आणि स्प्राइट्स (पडद्यावर हलवता येणारी छोटी चित्रं) वेगळे दिले. मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

फ्रेमचा वेग ५०.०८ हर्ट्झ येतो. काही मॉनिटर तो नाकारतात, म्हणून एचडीएमआयसाठी थोडा बदललेला वेग वेगळा पर्याय म्हणून दे. मागच्या एज कनेक्टरला (उपकरणं जोडायची पट्टी) जुनी उपकरणं जोडणार असशील, तर ती ५ व्होल्टची आहेत आणि एफपीजीए बहुधा ३.३ची, मध्ये व्होल्टेज जुळवणारे लेव्हल शिफ्टर हवेतच.

कीबोर्डचं शेवटी बघू म्हणू नकोस. तिथे बरेच पैसे जाऊ शकतात.